तळच्या खणातला काळा झगा

बाबांकडून चर्चच्या किल्ल्या कोणी मागायच्या यावर बहीणभावांत फोनवर तीनदा बोलणं झालं आणि तिन्ही वेळा मधली बहीण हरली. धाकट्याचं म्हणणं सरळ होतं. त्याचं आणि बाबांचं पटत नाही हे जगजाहीर. त्याने हात पुढे केला तर बाबा किल्ल्या गिळून टाकतील, पण देणार नाहीत. तिचं मात्र ऐकतील. "तू लाडकी ना त्यांची," तो म्हणाला. बावन्न वर्षांच्या बाईला कोणी लाडकी म्हणालं की समजावं, काहीतरी नकोसं काम गळ्यात पडणार. हे तिला कळत होतं, तरी ती हो म्हणाली. वाद वाढायला लागला की हो म्हणून मोकळं व्हायची तिची खोड लहानपणापासूनची.

म्हणून बुधवारी सकाळी सहाला ती चर्चच्या पायऱ्यांशी उभी होती. तीनशे वर्षांच्या पायऱ्या, मधोमध झिजून खोलगट झालेल्या. दाराशेजारी पाहुण्यांसाठी पाटी होती, फोटो कधी काढावेत आणि चपला कुठे वाजवू नयेत असल्या सूचनांची. पाहुणे दहानंतर यायचे आणि माना वर करून छत बघायचे. सकाळी साडेसहाच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनाविधीला, मात्र रोजचीच अकरा माणसं. त्यांतल्या सातांच्या कोटांचं अस्तर तिने बदलून दिलं होतं. कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसलं की माणसाची आतली बाजू आधी दिसते, असं ती गमतीने म्हणायची.

धाकटा बसच्या ड्रायव्हरच्या गणवेशात आला होता. नऊला त्याची पाळी होती, म्हणजे बापाचा निकाल नऊच्या आत लागायला हवा होता. बरोबर त्याची बायको, स्वेटरखाली नर्सचे पांढरे कपडे.

"दार उघडलंय आज," बायको वर बघत म्हणाली. "तेवढं तरी बरं."

सोमवारी उघडलं नव्हतं. म्हणजे उघडलं होतं आणि मग अकराच्या अकरा माणसं पायऱ्या चढत असताना बाबांनी आतून लावून घेतलं होतं. एकसष्ट वर्षं चर्चची उघडझाक करणारा, वेदीवरची मेणबत्ती न् मेणबत्ती लावणारा माणूस. सगळे त्यांना किल्लीबाबा म्हणत. बाहेर लोक थंडीत कुडकुडत उभे, आणि आतून किल्लीबाबांचा आवाज: "आत घ्यायचं नाही. फादरांचा हुकूम आहे." तरुण फादर बिचारे बाजूच्या दाराने आत गेले तेव्हा बाबा मोठ्या दाराला पाठ लावून उभे होते आणि थरथरत होते. त्याआधी तीन आठवडे ते रोज पहाटे याजकाच्या पोशाखाच्या खोलीत काळा झगा काढून ठेवत होते. काळा, म्हणजे मेलेल्या माणसाच्या मिस्सेचा. तळच्या खणात कित्येक वर्षं पडून असलेला. फादर तो बाजूला सारत आणि रोजचा हिरवा घालत.

"वृद्धाश्रमात एक पलंग मिळालाय," धाकटा म्हणाला. "शुक्रवारपर्यंत धरून ठेवतील. तू किल्ल्या घे, पुढचं मी बघतो."

"बघतो म्हणजे?" त्याची बायको म्हणाली. "पोतं उचलायचंय का? आजारी माणूस आहे."

"तू कोणाच्या बाजूने आहेस?"

"बाजूने कसली? रोज असली दहा माणसं बघते मी. जागा बदलली की महिन्यात खचतात. घर विसरतात, बायको विसरतात, पण हातांना काम आठवत असतं. ते काढून घेतलंत की संपलं." ती नणंदेकडे वळली. "ताई, तुम्ही बोला ना काहीतरी."

मधलीने पायऱ्यांकडे नजर वळवली. आत्ता या दोघांच्या मधे पडणं म्हणजे आ बैल मला मार. आणि पायऱ्यांवर उभं राहून तिला भलतंच आठवत होतं. याच पायऱ्या होत्या. एक्केचाळीस वर्षांपूर्वी थोरल्या दादाची शवपेटी घेऊन सहा माणसं इथवर आली होती, आणि बाबांनी आतून दार लावलं होतं. दादा एकोणीस वर्षांचा होता. पुलावरून पाय घसरून नदीत पडला असं घरात सगळे सांगत होते. पण जुन्या फादरांनी ठरवलं होतं की पाय घसरला नाही, आणि आपण होऊन जीव देणाऱ्याला त्यांच्या राज्यात आत जागा नव्हती. मिस्सा नाही, घंटा नाही. पेटी तशीच वळवली आणि दादाला कबरस्तानाच्या भिंतीबाहेर पुरलं. त्या दिवसापासून आई मरेपर्यंत, म्हणजे तीस वर्षं, आई बाबांशी एक शब्द बोलली नाही.

"सोमवारी त्यांना तोच दिवस आठवला असणार," ती शेवटी म्हणाली. "दार लावायला लागलं होतं त्यांना. हुकूम होता."

"दाराचं मी कधीच सोडून दिलं," धाकटा म्हणाला. त्याने टोपी काढून हातात घेतली. "नोकरीतल्या माणसाने हुकूम पाळला, ठीक. मीही पाळतो. पण बुटांचं कोणी सांगितलं?"

"कसल्या बुटांचं?" तिने विचारलं.

"तुला माहीत नाही? दादाचे बूट पुलाच्या कठड्यावर होते. शेजारी शेजारी, मोजे गुंडाळून आत घातलेले. पाय घसरलेला माणूस मोजे गुंडाळतो का? ते आपल्या घरातच माहीत होतं. आणि आपल्या बापाने जाऊन फादरला सांगितलं. स्वतःच्या पोराचं! आईने मला मरताना सांगितलं. म्हणाली, तुझ्या बापाने स्वतःच्या तोंडाने कबूल केलंय."

"अहो, आत्ता नको," बायकोने त्याची बाही ओढली.

"आत्ताच. हिलाही कळू दे, मी त्या माणसाला बाबा का म्हणत नाही ते."

मधली पायऱ्या चढायला लागली. बुटांचं बाबांनी सांगितलं नव्हतं. तिने सांगितलं होतं. अकरा वर्षांची होती. दादाला शोधायला पुलावर तीच गेली होती, बूट तिनेच छातीशी धरून घरी आणले होते. दुसऱ्या दिवशी पोशाखाच्या खोलीत ती पांढरी फडकी घडी करत होती, तेव्हा जुन्या फादरांनी खाली वाकून, अगदी मायेने विचारलं होतं, "बूट पायात होते का गं, बाळ?" त्या खोलीत खोटं बोलायचं नसतं एवढं तिला शिकवलेलं होतं. तिने खरं सांगितलं. आणि पुढचं सगळं घडलं.

बाबांनी दार लावलं म्हणून आई रुसली आहे असं ती जन्मभर समजत आली होती. आईला विचारलं तिने कधी नव्हतं. विचारलं नाही की कळत नाही, ही सोय तिला तेव्हापासूनच ठाऊक होती.

*

पोशाखाच्या खोलीत मेणाचा आणि जुन्या लाकडाचा वास होता. लांब कपाटावर बाबा पोशाख मांडत होते. त्र्याऐंशी वर्षांचं शरीर, पाठीत वाकलेलं, पण हात सराईत. जे शेवटी घालायचं ते सगळ्यांत खाली. आधी वरचा झगा पसरायचा, त्यावर गळ्यातला पट्टा, त्यावर कमरेची दोरी, मग पांढरा अंगरखा, आणि सगळ्यांवर खांद्याचं छोटं फडकं. एकही घडी चुकली नव्हती. झगा तेवढा काळा होता. कसरीने खाल्लेल्या दोन जागा तिनेच कधीकाळी रफू केल्या होत्या, कशासाठी ते न विचारता.

"बाबा."

"आलीस? फडकी वाळली का?"

"वाळली," ती म्हणाली. फडकी कसली, कधीची, देव जाणे. ती त्यांच्याजवळ गेली. किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या पट्ट्याला होता, सतरा किल्ल्या. हात पुढे करून मागायच्या, एवढंच तिचं काम होतं. तिने हात पुढे केला नाही.

"बाबा, मला काहीतरी सांगायचंय. दादाच्या बुटांचं." तिने कपाटाची कड धरली. "फादरांना मी सांगितलं होतं. तुम्ही नाही. त्यांनी विचारलं आणि मी सांगून बसले. माझ्यामुळे..."

बाबांनी एकदम वर बघितलं. मग दाराकडे. त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि तिचा दंड धरून तिला कपाटाआड ओढलं. पकड अजून घट्ट होती.

"हळू बोल," ते कुजबुजले. "तुझी आई ऐकेल."

"बाबा, आई..."

"ऐक माझं. मी तिला सांगितलंय की मीच बोललो. झालं, मिटलं ते. तू आता कोणाजवळ हे काढायचं नाही. कळलं?" ते तिच्याकडे बघत होते, पण नजर तिच्या खांद्याच्याही खाली, एवढ्याशा पोरीच्या डोळ्यांत बघावं तशी. "तुला तिच्या हातचं जेवून मोठं व्हायचंय. मुलीला आईवाचून चालत नाही. माझं काय, मी इथे जेवीन."

आणि जेवले होते. तीस वर्षं. रोज दुपारी डबा घेऊन या खोलीत, या कपाटापाशी, उभ्याने. सगळे म्हणायचे, किल्लीबाबाला चर्चचं वेड, बायकापोरांत मन नाही. तीही म्हणायची. तिला एकदम हुंदका आला आणि तो तिने आवरला नाही.

"रडू नकोस," बाबा म्हणाले. "कपड्यांवर डाग पडतील."

दार वाजलं आणि तरुण फादर आत आले. चष्म्यावर धुकं. त्यांनी काळ्या झग्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि सवयीने वरच्या खणाकडे हात नेला, हिरव्यासाठी.

"फादर, तो राहू द्या," ती म्हणाली. "काळाच घाला आज. माझ्या भावासाठी मिस्सा हवीय. त्याची झाली नाही. मिस्सा नाही, घंटा नाही, काहीच झालं नाही."

"का?"

"त्याने स्वतःहून जीव दिला. तेव्हाचे फादर नाही म्हणाले."

तरुण फादरांनी चष्मा पुसला. "किती वर्षं झाली?"

"एक्केचाळीस."

"अहो, आता कोणी नाही म्हणत नाही. नियम बदलूनही कितीतरी वर्षं झाली. आधीच्या फादरांनीही केली असती. कोणीही केली असती." ते अडखळले. "मागितली असतीत तर."

हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मागायची तर कारण सांगावं लागलं असतं, कारण सांगायचं तर बुटांपर्यंत जावं लागलं असतं, आणि बुटांपर्यंत जायची छाती घरात कोणालाच नव्हती. एवढ्याशा गोष्टीपायी दादा भिंतीबाहेर पडून होता.

"नाव काय त्यांचं?"

तिने नाव सांगितलं. तोंडाला त्याची सवय राहिली नव्हती, दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

*

अकरा माणसं आपापल्या ठरलेल्या जागी बसली होती. जागा भरपूर, पण सगळी एकमेकांपासून लांब लांब, जणू देवाशी खासगी बोलायचंय. फादर काळ्या झग्यात बाहेर आले तेव्हा पुढच्या म्हाताऱ्या बाईने मागे वळून पाहिलं, आज कोण गेलं म्हणून.

मधली धाकट्याच्या शेजारी बसली. "मिळाल्या?" त्याने ओठ न हलवता विचारलं. तिने मान हलवली, नाही.

फादरांनी नाव घेतलं. आजची मिस्सा अमक्याच्या आत्म्यासाठी, एवढंच, रोज कोणा ना कोणासाठी घेतात तसं. धाकट्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला लागला होता; तो दगडासारखा झाला. दादा गेला तेव्हा धाकटा पाच वर्षांचा होता. त्याला भाऊ आठवत नव्हता, फक्त भावावरून दुभंगलेलं घर आठवत होतं.

"हे कोणी सांगितलं?" तो फुसफुसला.

"मी."

"मला विचारायचंस तरी."

बाबा वेदीच्या बाजूला आपल्या स्टुलापाशी उभे होते. ते कधी बसत नसत. छोटी घंटा वाजवायच्या वेळी त्यांनी ती बरोबर वाजवली, आणि मग खाली ठेवलीच नाही, हातात धरून उभे राहिले. मधली सगळा वेळ त्यांच्याकडेच बघत होती. त्यांना नाव ऐकू गेलं का, ऐकू गेलं तर कळलं का, हे त्यांच्या चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं. तिने प्रार्थना करायचा प्रयत्न केला, पण तिला एकच गोष्ट सुचत होती: मिस्सा संपू नये. संपली की धाकट्याला सांगावं लागणार होतं. न सांगता चालण्यासारखं आता काही उरलं नव्हतं. बाबा शुक्रवारी जातील, आणि जाताना पोटच्या पोराशी दगा केलेला माणूस म्हणून जातील.

मिस्सा पस्तीस मिनिटांत संपली. कोणासाठी थांबत नाही ती.

*

लोक निघून गेल्यावर धाकटा मोठ्या दाराशी येऊन उभा राहिला. "हे बघ, मिस्सा झाली, चांगलं झालं. मी नाही म्हणत नाही. पण किल्ल्यांचं काय? तुला जमत नसेल तर मी मागतो."

"थांब. आधी ऐक." तिने त्याच्या बायकोकडे बघितलं, मग त्याच्याकडे. "बुटांचं मी सांगितलं होतं."

"काय?"

"फादरांना. मी. बाबांनी नाही. बाबांनी ते आईजवळ आपल्या अंगावर घेतलं, मला वाचवायला. आत्ता आत त्यांनीच सांगितलं, कुजबुजत. त्यांना वाटतं, आई अजून ऐकतेय."

धाकट्याची बायको हळूच खालच्या पायरीवर बसली. तो मात्र तसाच उभा होता, हातात टोपी.

"ते काहीही बोलतात. परवा मला विचारत होते, घोडा कुठे बांधला."

"बाबांना चुकीचं आठवत असेल. मला नाही. फादर वाकून विचारत होते आणि मी सांगत होते, मोजे कुठल्या रंगाचे तेसुद्धा सांगितलं. तू मला विचार, मी तुला सगळं सांगते."

"अकरा वर्षांची पोर होता हो तुम्ही," बायको म्हणाली.

"तेव्हा अकरा," धाकटा म्हणाला. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मग बाराची झालीस. मग विसाची. आई गेली तेव्हा एक्केचाळीसची होतीस. तीस वर्षं आई आणि ते एका घरात, मधे भिंत घालून. मी त्या भिंतीशी वाढलो. आणि तू ताटावर बसून मूग गिळून जेवत होतीस?"

"मला माहीत नव्हतं की ती..."

"माहीत करून घेतलं नाहीस."

ते खरंच होतं.

आतून किल्ल्या वाजल्या. मिस्सेनंतर मोठं दार लावून घ्यायचं, दहाला पाहुण्यांसाठी पुन्हा उघडायचं, हा बाबांचा नेम. ते एकेका बाकाला हात लावत, मोजल्यासारखे, दारापर्यंत आले. बाहेर तिघं बघून थबकले. त्यांची नजर मधलीवरून गेली, सुनेवरून गेली आणि धाकट्यावर येऊन थांबली. बापाला आणि लेकाला इतक्या जवळून एकमेकांकडे बघताना तिने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"आलास?" बाबा म्हणाले.

धाकट्याने हातातली टोपी फिरवली.

"किती वेळ दार उघडं ठेवलं मी. फादर रागावतील." ते पुढे झाले आणि वाकले. मोठ्या कष्टाने, एक हात दाराच्या चौकटीवर ठेवून, ते धाकट्याच्या पायांकडे बघायला लागले. "बूट घातलेस ना?"

ड्रायव्हरचे काळे बूट होते, सकाळीच पॉलिश केलेले. धाकट्याने खाली पाहिलं. त्याची हनुवटी थरथरायला लागली आणि त्याने ती दोनदा आवळली.

"घातलेत, बाबा," तो म्हणाला.

"नाड्या?"

"बांधल्यात."

"मग ठीक." बाबांनी पट्ट्याचा आकडा काढला आणि जुडगा त्याच्या हातात ठेवला, कोणी न मागता. "तू लाव आज. मी दमलो."

धाकट्याने दार लावलं नाही. त्याने किल्ल्या खिशात टाकल्या, बाबांच्या काखेत हात घातला आणि त्यांना एकेक पायरी उतरवायला लागला. मधल्या खोलगट भागाने नाही, कडेने, जिथे दगड अजून सपाट होता. मधलीने दुसऱ्या बाजूने हात द्यायला पाऊल टाकलं. त्याने मान वर केली नाही. फक्त म्हातारा तिच्यापासून दूर, आपल्या अंगाकडे ओढून घेतला. खाली पोचल्यावर त्याच्या बायकोने वळून पाहिलं, हात अर्धा उचलला, आणि नवऱ्यामागे गेली. तो वळला नाही. आई बाबांशी अशीच वागायची. समोरून जायची, आणि समोर कोणी नाहीच.

ती आत गेली. काळा झगा फादरांनी काढून कपाटावर टाकला होता, घाईत, उलटा. तिने तो सुलटा केला, बाह्या आत घेतल्या, चार घड्या घातल्या आणि तळच्या खणात ठेवला. मग बाहेर येऊन दारापाशी शेवटच्या बाकावर बसली. किल्ल्या गेल्या होत्या आणि दार सताड उघडं होतं. दहाला पाहुणे येईपर्यंत कोणीतरी तिथे राखणीला बसायलाच हवं होतं.